अमेरिका–मेक्सिको सीमेवरची भिंत: आक्षेप भिंतीला की सोबत येणाऱ्या पट्ट्याला?

ओढेकाठ (धागाकर्ता)

या भिंतीचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, "त्यांची सीमा आहे, बांधणारच." दुसरा, "हे अमानुष आहे." जागेवर नेमकं काय उभं राहतं, याचा पत्ता दोन्हीकडे नसतो. आधी बांधकाम समजून घेऊ, मग भांडू.

ही भिंत विटांची नाही. सहा इंच चौरस पोलादी पोकळ खांब, दोन खांबांत साधारण चार इंच फट. खांबांच्या पोटात गज आणि काँक्रीट. उंची बहुतेक ठिकाणी १८ किंवा ३० फूट. वर चढणाऱ्याला पकड मिळू नये म्हणून माथ्याला सुमारे पाच फुटांचा सपाट पत्रा. खाली सहा ते दहा फूट खोल, सलग काँक्रीटचा पाया. 'सलग' हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि ही नुसती खांबांची रांग. तिला समांतर गस्तीचा रस्ता, दिव्यांचे खांब, कॅमेरे, जमिनीखालून केबल, या सगळ्यासाठी झाडझाडोरा साफ केलेला पट्टा. टेक्सासच्या रिओ ग्रान्दे खोऱ्यात हा पट्टा १५० फुटांचा धरला आहे. डोंगराळ भागात यंत्रं वर न्यायची म्हणून सुरुंग लावून वळणावळणाचे रस्ते कोरले, ते वेगळेच. माझ्या मते बहुतेक पर्यावरणीय आक्षेप खांबांना कमी आणि या पट्ट्याला व पायाला जास्त आहेत.

सीमेची लांबी ३,१४५ किमी. जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२१ या काळात, म्हणजे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, सुमारे ४५८ मैल (७३७ किमी) काम झालं, त्यातलं बहुतेक जुने अडथळे काढून त्या जागी नवं. वाचताना हे किरकोळ वाटतं, पण 'जुनं' म्हणजे बऱ्याच ठिकाणी गाड्या अडवणारे, कमरेएवढ्या उंचीचे, फुलीच्या आकाराचे लोखंडी अडसर होते. त्यांच्या खालून हरीण जातं, पाणी जातं. त्या जागी ३० फुटी भिंत आली तर कागदावर ती 'बदली'च. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेनं आणखी ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले आहेत, त्यामुळे विषय शिळा नाही.

रोखठोक

चार इंच फट आहे ना? मग पाणी अडेलच कसं? पर्यावरणवाल्यांना काहीतरी शोधावंच लागतं.

ओढेकाठ

रोखठोक राव, फटीचा हिशेब करू. सहा इंच खांब, चार इंच मोकळे, म्हणजे चाळीस टक्के जागा उघडी. नळाचं पाणी सोडलं तर बिनबोभाट जाईल. पण ॲरिझोनातला ओढा नळाचं पाणी आणत नाही. वर्षाचे बहुतेक महिने कोरडा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिकडचा पावसाळा (ते लोकही त्याला मान्सूनच म्हणतात), आणि तो कोसळतो तोही तास-दीड तासात. पहिल्या लोंढ्याबरोबर मेस्किट या काटेरी झाडाच्या फांद्या, वाळलेलं गवत, मेलेल्या निवडुंगाची खोडं. एक फांदी दोन खांबांवर आडवी टेकली की तिच्यावर गवत, गवतावर गाळ. थोड्या वेळात चाळण बुजते आणि कुंपणाचा बंधारा होतो. फरक एवढाच की बंधाऱ्याला सांडवा असतो, याला नाही.

दोन मीटर पाणी तुंबलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण दोन टन रेटा येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की रेटा चौपट. भिंत टिकली तर पाणी तिच्या कडेनं आडवं पळतं आणि जिथे कधी ओढा नव्हता तिथे नवा ओढा कोरतं. नाही टिकली तर एकदम फुटतं.

हे पुस्तकी नाही. १२ जुलै २००८ ला ॲरिझोनातल्या ऑर्गन पाइप कॅक्टस या राष्ट्रीय स्मारकात दीड-दोन तासांचा पाऊस पडला. तिथल्या ५.२ मैल जाळीच्या कुंपणाला काडीकचरा अडकून दोन ते सात फूट पाणी तुंबलं. हे त्यांच्याच राष्ट्रीय उद्यान सेवेनं लिहून ठेवलं आहे. त्याच दिवशी नोगालेस या सीमेच्या दोन्ही बाजूंना वसलेल्या जोडशहरात, सीमेखालून जाणाऱ्या, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या बोगद्यात अमेरिकी सीमा गस्ती दलानं घातलेल्या सुमारे पाच फुटी काँक्रीटच्या आडभिंतीनं पाणी कोंडलं, मेक्सिकोच्या बाजूचे रस्ते फुटले, दोन माणसं दगावली. ऑगस्ट २०११ मध्ये ऑर्गन पाइपमध्येच चाळीस फूट कुंपण वाहून गेलं. जुलै २०१४ मध्ये नोगालेसला साठ फूट आडवं झालं.

यावर उपाय म्हणून ओढ्यांच्या जागी उघडता येणारी पोलादी दारं बसवली. पावसाळ्यापूर्वी माणसानं जाऊन ती उघडायची आणि उघडीच ठेवायची. म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन महिने त्या जागी भिंत नसते! मग तिथे पहाऱ्याला माणूस लागतो, तो नसला की दार बंद ठेवण्याचा मोह होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲरिझोनातल्या डग्लसजवळच्या पुरात अशी काही दारं बिजागरीतून उखडली.

पायाचंही बोलतो. कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यात वाळूखालून पाणी सरकत असतं; आपल्याकडे नदीत झरा खणतात तेच पाणी. जिथे खडक उथळ आहे तिथे दहा फूट सलग पाया म्हणजे जमिनीखालची दुसरी भिंत.

काळवीट

जनावरांबद्दल मी लिहितो, कारण यात 'बिचारे प्राणी' एवढंच म्हणून लोक थांबतात.

प्रत्येक जातीला भिंत वेगळी लागते. चार इंचांतून सरडा, उंदीर, लहान साप जातात. रानमांजर, रानडुकरासारखा पेकारी, कोल्हा हे अडतात. प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी तर सपाटीवर भन्नाट पळतो, पण उडी मारत नाही. कुंपण आलं की खालून सरपटतो. सोनोरन प्राँगहॉर्न २००२ च्या दुष्काळात अमेरिकेच्या बाजूला फक्त २१ उरले होते. अशा कळपाला दुष्काळात शंभर किलोमीटरवरचा पाऊस गाठता येणं हाच जगण्याचा मार्ग असतो, आणि पाऊस सीमा पाहून पडत नाही.

पक्ष्यांना काय फरक पडतो, असं विचारतात. फेरुजिनस पिग्मी घुबड म्हणून मुठीएवढं घुबड आहे. त्याच्या उडण्याची उंची मोजलेली आहे: सरासरी दीड मीटरच्या आत, आणि चार मीटरच्या वर गेलेली उड्डाणं चौथ्या हिश्श्याहून कमी. ३० फूट म्हणजे नऊ मीटर. शिवाय मोकळा पट्टा ओलांडायला ते कचरतं, कारण ससाणा. म्हणजे इथेही खांबांइतकाच पट्टा नडतो. तुमच्या मूळ मुद्द्याला दुजोरा.

ओसेलॉट या चट्ट्यापट्ट्यांच्या रानमांजराचे अमेरिकेत शंभरहून कमी उरलेत, जवळजवळ सगळे दक्षिण टेक्सासात, दोन तुटक गटांत. मेक्सिकोतल्या गटांशी संबंध तुटला की अंतर्गत प्रजनन वाढत जातं. संख्या आज नाही घसरणार, वीस-तीस वर्षांनी घसरेल, आणि तेव्हा दोष भिंतीचा हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. या आक्षेपाची ही खरी अडचण आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी ती कबूल करायला हवी.

एक बाब मात्र थेट दिसलेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीपीएस पट्टा लावलेला एक मेक्सिकन लांडगा न्यू मेक्सिकोत भिंतीला भिडला आणि पाच दिवस तिच्या कडेनं सुमारे २३ मैल चालत राहिला. पलीकडे जायला वाट मिळाली नाही, माघारी वळला.

सातबारा

आता कायद्याचं. सगळ्या आक्षेपांचं काय होतं, ते इथे कळतं.

१९९६ च्या स्थलांतर कायद्याच्या कलम १०२ मध्ये अडथळे बांधण्याची तरतूद होती. २००५ च्या 'रिअल आयडी' कायद्यानं त्यात भर घातली: गृहसुरक्षा खात्याच्या प्रमुखाला 'आवश्यक वाटेल' तो कोणताही कायदा या कामापुरता बाजूला ठेवता येतो. कोणताही. एप्रिल २००८ मध्ये तेव्हाचे खातेप्रमुख मायकल चेर्टॉफ यांनी एका दमात तीसहून अधिक कायदे बाजूला ठेवले. पर्यावरणीय परिणाम तपासायला लावणारा कायदा, संकटग्रस्त प्रजातींचा, स्वच्छ पाण्याचा, आदिवासींच्या दफनभूमी आणि अवशेषांच्या रक्षणाचा, सगळे त्यात.

त्यात आव्हानाची वाटही अरुंद. फक्त 'घटनेचा भंग झाला' एवढ्याच मुद्द्यावर, तेही साठ दिवसांत, आणि खालच्या न्यायालयात हरलात तर अपिलाचं न्यायालय नाही. थेट सर्वोच्च न्यायालयाकडे विनंती, ती त्यांनी ऐकली तर ऐकली. जून २००८ मध्ये त्यांनी ऐकली नाही.

म्हणजे ओढेकाठ यांनी वर मांडलेलं पुराचं गणित कितीही बरोबर असो, ते मांडायला कायदेशीर टेबलच नाही. साध्या पुलालासुद्धा जनसुनावणी लागते.

जमिनीचं राज्यागणिक वेगळं आहे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सीमेलगतची ६० फुटांची पट्टी सरकारी राखीव करून ठेवली होती. त्यामुळे तिथे संपादन फारसं लागत नाही. टेक्सासात तशी पट्टी नाही आणि जमीन बहुतेक खासगी. तिथे १९३१ चा कायदा वापरतात: सरकारनं न्यायालयात कागद दाखल केला, स्वतःच्या अंदाजाची रक्कम जमा केली, की मालकी त्याच दिवशी सरकारची. मोबदल्याचं भांडण मागाहून. २००६ च्या सीमा-कुंपण कायद्यानंतर असे तीनशेवर दावे झाले आणि काही दहा वर्षांनंतरही मोबदल्यापाशी अडकलेले होते. आजोबांच्या नावावरच्या जमिनीला चाळीस वारस निघतात, हा प्रकार तिकडेही आहे.

आणि टेक्सासात रिओ ग्रान्दे नदी हीच सीमा, पण तिच्या खोऱ्यात भिंत बहुतेक ठिकाणी नदीच्या काठावर नाही. पूरसंरक्षक बांधावर आहे, नदीपासून आत, काही जागी एक मैलापर्यंत. मधली शेतं, घरं भिंतीच्या 'पलीकडे' पण अमेरिकेतच. तिथल्या मालकांना आकडे दाबून उघडायची फाटकं दिली. दाबायचा आकडा पाहुण्याला, अग्निशमनवाल्यांना, डॉक्टरला द्यायचा कसा? घराच्या विम्याला आणि विक्रीच्या भावाला यानं काय होतं, ते सांगायला नको.

रोखठोक

मान्य, फटीबद्दल मी घाईनं बोललो. पण मूळ प्रश्न तसाच राहतो. सान दिएगोत १९९० च्या दशकात कुंपण, दिवे आणि माणसं वाढवली आणि घुसखोरी उतरली. हे आकड्यांत आहे. मग भिंत चालते, असंच ना?

हाडवैद्य

आकडे अर्धेच घेतलेत. सान दिएगो विभागात १९९२ साली सुमारे ५ लाख ६५ हजार लोक पकडले गेले होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'ऑपरेशन गेटकीपर' सुरू झालं, आकडा उतरला, हे खरं. त्याच काळात शेजारच्या ॲरिझोनातल्या टुसॉन विभागात सत्तर हजारांच्या आसपासचा आकडा वाढत २००० साली ६ लाख १६ हजारांवर गेला. माणसं थांबली नाहीत, सरकली. आणि सरकली ती शहराकडून वाळवंटाकडे, जिथे उन्हाळ्यात माणूस पाण्यावाचून दोन दिवसही काढत नाही. धोरणाचं नावच 'धाक घालून रोखणं' असं होतं, धाक वाळवंटाचा. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतर संस्थेनं २०२२ या एका वर्षात या सीमेवर ६८६ मृत्यू व बेपत्ता नोंदले.

उंचीचा वेगळा हिशेब. सान दिएगोतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी २०२२ मध्ये शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात आल्या. भिंत ३० फुटी होण्याआधीच्या तीन वर्षांत (२०१६–१८) पडून जखमी झालेले ६७ दाखल, मृत्यू शून्य. नंतरच्या तीन वर्षांत (२०१९–२१) ३७५ दाखल, १६ मृत्यू. येणाऱ्यांची संख्या बदलली असणार, हे धरूनही. ३० फूट म्हणजे तीन मजले. चढायला घरगुती लोखंडी शिडी पुरते, उतरायला दुसऱ्या बाजूला काही नसतं. टाचेचं हाड, घोट्याचा सांधा, कमरेचा मणका या क्रमानं मोडतोड होते, आणि एकेका रुग्णावर दोन-तीन शस्त्रक्रिया. हा खर्च भिंतीच्या अंदाजपत्रकात कुठेच नसतो.

रोखठोक

हे पटण्यासारखं आहे. तरी मधला मार्ग काही असेल की नाही? सरसकट 'नको' म्हणणं मला अजून पटत नाही.

काळवीट

मधला मार्ग त्या जमिनीवरच्याच लोकांनी दाखवला आहे. तोहोनो ओ'ओधाम हे आदिवासी राष्ट्र. अमेरिकेनं मेक्सिकोकडून जमीन विकत घेतली त्या १८५३ च्या गॅड्सडेन खरेदीनं त्यांच्या भूमीच्या मधून सीमा गेली. आज त्यांच्या राखीव प्रदेशाला ६२ मैल सीमा लागते आणि त्यांचे सुमारे दोन हजार सदस्य मेक्सिकोत राहतात. लग्न, अंत्यविधी, मिठाची यात्रा, सगळं रेषेच्या दोन्ही बाजूंना. त्यांनी भिंतीला विरोध केला, पण गाड्या अडवणारे अडसर मान्य केले, आणि २०१९ मध्ये टेहळणीचे मनोरेही मंजूर केले. त्यावरून त्यांच्यात आपसांत मतभेद झाले, ते सोडा. मुद्दा हा की 'भिंत नको' म्हणणारे सगळे 'पहारा नको' म्हणत नाहीत.

भिंत झालीच तर जनावरांसाठी खाली लहान खिडक्या ठेवतात. आकार साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे जवळजवळ आपला ए-फोर कागद. कॅमेऱ्यांत दिसलं आहे की पेकारी, कोयोटी, बिज्जू त्या वापरतात. पण हरीण आणि अस्वल कागदाच्या भोकातून जात नाहीत, आणि मैलोन्‌मैल भिंतीत अशा खिडक्या मोजक्याच आहेत. वाढवायला खर्च नगण्य. न करण्याचं कारण मला कुठे सापडलेलं नाही.

शून्यरेषा

आपल्या दाराशी येऊ. भारत–बांगलादेश सीमा ४,०९६ किमी, त्यातली तीन हजार किमीहून अधिक कुंपणाची. १९७५ च्या दोन्ही देशांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून कुंपण आपल्या हद्दीत आत येतं. परिणाम अगदी सातबारा यांनी टेक्सासचा सांगितला तोच: जमीन भारताची, मालक भारतीय, पण कुंपणापलीकडे. फाटक ठरल्या वेळी उघडतं, ओळखपत्र जमा करून जायचं, वेळेत परत. भाताच्या लावणीला किंवा रात्री पाणी द्यायला ही वेळ जुळत नाही. उंच पिकांवर, विशेषतः तागावर, बऱ्याच ठिकाणी हरकत घेतात, कारण आड दिसत नाही. म्हणजे त्या पट्ट्यात काय पिकवायचं हेही कुंपण ठरवतं.

म्यानमारच्या १,६४३ किमी सीमेवर २०२४ मध्ये कुंपण जाहीर झालं तेव्हा मिझोराम आणि नागालँडच्या विधानसभांनी विरोधाचे ठराव केले. नागालँडच्या लोंगवा गावात कोन्याक जमातीच्या प्रमुखाचं घरच रेषेवर आहे. तिथे खांब कुठे रोवणार?

सातबारा

शून्यरेषा, तुम्ही छेडलंच आहे तर: २०२३ च्या वनसंवर्धन दुरुस्तीनं आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किमीच्या आतल्या, सामरिक महत्त्वाच्या रेषीय प्रकल्पांना वनपरवानगीतून सूट दिली. रस्ता, कुंपण, वाहिनी, सगळं त्यात बसतं. ईशान्येतल्या छोट्या राज्यांत १०० किमी म्हणजे जवळपास अख्खं राज्य. तिकडचं कलम १०२ वाचून नाक मुरडण्याआधी हे वाचावं.

हाडवैद्य

+१. हे माहीत नव्हतं.

रोखठोक

ओढेकाठ, एक शेवटची शंका. बांधकाम चुकलं तर नंतर दुरुस्त करता येत नाही का? पैसा तर आहे.

ओढेकाठ

काही येतं, काही नाही. जानेवारी २०२१ मध्ये काम एकदम थांबवलं, तेव्हा कापलेले उतार, अर्धवट मोऱ्या आणि बिनपिचिंगचे रस्ते तसेच राहिले आणि पुढच्या पावसात त्यांची माती खाली आली. म्हणजे 'काम थांबवा' हीसुद्धा पर्यावरणाची मागणी म्हणून पुरेशी नव्हती. 'उतार बांधून मग थांबवा' म्हणायला हवं होतं. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हे नोंदवलं. ऑर्गन पाइपमधल्या मॉन्युमेंट हिलवर सुरुंग लावून ओ'ओधामांच्या पवित्र जागेचं नुकसान झाल्याचंही त्यात आहे. ते कुठल्या पैशानं भरून यायचं?

तिथल्याच किटोबाकिटो झऱ्याबद्दल मात्र जपून बोलावं. सीमेपासून दोनशे मीटरवर तळं, त्यात अमेरिकेत दुसरीकडे निसर्गात न सापडणारी पपफिश ही छोटी मासळी. २०२० मध्ये पाणी उतरलं, तेव्हा बोट काँक्रीटसाठी उपसलेल्या बोअरच्या पाण्याकडे गेलं. पाच मैलांत नवी बोअर घेणार नाही, असं सरकारनं सांगितलं होतं. दुष्काळ होता आणि तळ्याला गळतीही होती. एकट्या भिंतीवर ढकलणं बरोबर नाही. पूर्वेला सान बर्नार्डिनो अभयारण्यात मात्र उपसा आणि तळ्यांची उतरती पातळी यांचा संबंध जास्त सरळ होता. तिथल्या संकटग्रस्त याकी माशांना वाचवायला कर्मचाऱ्यांना धावपळ करावी लागली.

आता पुढे काय पाहायचं ते सांगतो. जून २०२५ मध्ये ॲरिझोनाच्या सान राफाएल खोऱ्यात २७ मैलांचं कंत्राट निघालं, सुमारे ३१ कोटी डॉलरचं, म्हणजे मैलाला साधारण १.१५ कोटी डॉलर. जग्वारच्या येण्याजाण्याची जी थोडी मोकळी वाट तेव्हा उरली होती, तिच्यात हे खोरं येतं. जुलैत दावाही दाखल झाला, अर्थात फक्त घटनेच्या मुद्द्यावर.

सान्ता क्रूझ नदी याच खोऱ्यात उगम पावते. दक्षिणेला मेक्सिकोत शिरते, तिथे वळसा घेते आणि नोगालेसच्या पूर्वेला पुन्हा अमेरिकेत येते. एकच नदी, सीमा दोनदा. पहिल्या ठिकाणी दारं बंद राहिली तर पाणी अमेरिकेच्या कुरणांत तुंबेल, दुसऱ्या ठिकाणी बंद राहिली तर मेक्सिकोच्या शेतांत. आणि पावसाळ्यात दोन्ही ठिकाणची दारं उघडायला जाणारा माणूस एकाच देशाच्या पगारावर असेल.